घराजवळचं झाड उभं वठवू नका, वळवाआधी उतरवा

घराला लागून नको असलेलं झाड असेल तर वळवाचे वारे सुटायच्या आत उतरवा. यंदा जमत नसेल तर हिरवं राहू द्या. पण साल गोल सोलून किंवा बुंध्याला भोक पाडून त्यात मोरचूद, अ‍ॅसिड ओतून ते उभं वठवू नका. फुकटातला हा उपाय शेवटी सर्वांत महाग पडतो. वठलेल्या झाडाची मुळं कुजतात, फांद्या ठिसूळ होऊन वारा नसतानाही तुटतात, आणि जाणता माणूस त्यावर चढायला नाही म्हणतो. मग ते छपरावर पडायची वाट पाहणं एवढंच हाती उरतं.

आधी उंची काढा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी काठी मुठीच्या वर उभी धरा. हात सरळ ठेवून मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरका. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. उंचीच्या दीडपट मोकळी जागा नसेल तर झाड अखंड पाडू नका, वरून तुकड्यांनी उतरवा. जवळून वीजतार जात असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

तयारी:
- तोडीची परवानगी
- घरटी, मधमाश्यांचं पोळं पाहणे
- हेल्मेट, चष्मा, बूट
- पळायच्या दोन वाटा, पडणीच्या उलट दिशेला तिरक्या
- माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब

पैसे वाचवायचे ते जमिनीवरच्या कामात. फांद्या तोडणं, ओढणं, रचणं घरच्यांनी करावं. लाकडाच्या बदल्यात मजुरी ठरते का पाहावं. चढणारा मात्र पट्टा-दोर वापरणारा, अनुभवीच हवा. २० सेंमी जाड, ३ मीटर लांब ओली फांदी साधारण ८० ते १०० किलो भरते. ती हातानं पेलणार नाही. शाबूत खोडाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन हळूहळू सोडावी लागते.

फांदीला तीन काप द्या. खोडापासून ३० सेंमीवर खालून एक तृतीयांश, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला ठोंब. खालचा काप टाळला की फांदी साल सोलत खोडावर झोपते. चढलेला माणूस तिथेच असतो.

उरलेलं खोड पाडताना पडणीच्या बाजूला व्यासाच्या पाव भाग खोल खाच घ्या. मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा ३ ते ५ सेंमी वर. मधे व्यासाच्या दहाव्या भागाएवढं लाकूड अखंड ठेवा. ही पट्टी बिजागरीसारखी खोड वळवते. ती पूर्ण कापली की खोड कुठेही जातं. बुंध्यावर हातोडा मारून पोकळ आवाज आला किंवा तळाशी अळंबी दिसली तर हे काम स्वतः करू नका. आधीच वठवलेल्या झाडात असंच होतं: पट्टी वाकत नाही, मोडते.

खुंट मारायला दुकानदार महागडी बाटली पुढे करेल. घाई नको. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे खुडत राहिलं तरी खुंट थकतो. भर पालवीत तोडलेल्या झाडाला फुटवे कमी येतात, असं शेतात दिसतं. औषध वापरायचंच तर लेबलवर खुंटासाठी शिफारस आणि तुमच्या भागात परवानगी असेल तरच. ग्लायफोसेट ४१ टक्के, तेवढ्याच पाण्यात, कापल्यापासून ५ ते १० मिनिटांत, सालीलगतच्या ओल्या कड्यावर ब्रशनं. तासाभरानं लावलेलं वाया जातं. शेजारी त्याच जातीचं झाड राखायचं असेल तर लावूच नका. मुळं आतून जुळलेली असू शकतात.

मीठ ओतू नका, ते जमीन नासवतं आणि घराच्या पायातलं लोखंड गंजवतं. भिंतीलगतचा खुंट उकरूही नका. खड्ड्यात पावसाचं पाणी साचून पाया खचतो. जमिनीलगत कापून जागेवरच कुजू द्या.

साल सोललेलं झाड आजही घराजवळ उभं असेल तर बाकी कामं थांबवून आधी तेच अनुभवी माणसाला दाखवा. तोवर त्याखाली गुरं बांधू नका, खाट टाकू नका.