शेअर बाजाराचा आलेख काढताय? आधी तारखा तपासा

आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सेक्सचा आलेख काढायला आज्ञेची एक ओळ पुरते. पण त्याआधी तारखा तपासल्या नाहीत, तर समोर येतं ते चित्र चुकीचं असतं, आणि कित्येकदा चुकीचं आहे हे कळतही नाही. नौपाड्यात माझ्याकडे शनिवारी कॉलेजची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात. बहुतेकांचं घोडं तारखेच्या रकान्यातच अडलेलं असतं, आणि त्यांना कुणीतरी ‘दुसरं पॅकेज (आरला जोडायची तयार पुरवणी) वापरून बघ’ असं सांगितलेलं असतं. पॅकेज बदलून तारखा सुधारत नाहीत.

आर, ते चालवायची खिडकी म्हणजे आरस्टुडिओ, आणि तारीखवार माहितीसाठीचं एक्सटीएस पॅकेज तुमच्याकडे आहे असं धरते. भावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) वाचून घ्या. भावांमध्ये स्वल्पविराम असतील तर काढून टाका आणि मग तो रकाना अंकांत बदला.

आता तारखा. आर तारखेचा रकाना साधा मजकूर म्हणून वाचतं. मजकुराची क्रमवारी अक्षरांनुसार लागते, त्यामुळे जानेवारीच्या आधी एप्रिल येतो. म्हणून ‘ॲज डॉट डेट’ (as.Date) ही आज्ञा वापरून खरी तारीख करायची आणि तिचा साचा स्वतः लिहायचा. आपल्याकडच्या बऱ्याच फाइलींत दिवस, मग इंग्रजी महिन्याची तीन अक्षरं, मग चार आकडी वर्ष असतं. त्याचा साचा लहान डी, लहान बी आणि मोठा वाय, प्रत्येकाआधी टक्केचिन्ह.

वाय मोठाच हवा. मी एकदा लहान लिहिला आणि दोन संध्याकाळी घालवल्या. लहान वाय वर्षाचे दोनच आकडे वाचतो. २०२४ मधले ‘२०’ घेतो, उरलेले सोडून देतो आणि तारीख २०२० ची करतो. १९९२ चं २०१९ होतं. लाल अक्षरात काही येत नाही, साधी सूचनासुद्धा नाही. माझी दहा वर्षांची माहिती एकाच वर्षात कोंबली गेली होती. आलेखावर उभ्या रेघांचं जंगल झालं होतं आणि मी मात्र रेघेची जाडी बदलत बसले होते.

दुसरा खड्डा महिन्याच्या नावाचा. संगणकाची भाषा मराठी ठेवली असेल, तर आर मराठी महिने शोधतं, इंग्रजी ओळखत नाही आणि तारखेच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’, भरतं. अशा वेळी आरमधलं वेळेचं लोकेल (तारखांसाठीची भाषेची मांडणी) ‘सी’ करून घ्या, म्हणजे इंग्रजी महिने वाचले जातील.

म्हणून रूपांतर झाल्यावर तीन गोष्टी बघितल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही: पहिली आणि शेवटची तारीख, ‘एनए’ किती, आणि प्रत्येक वर्षाच्या ओळी किती. आपला बाजार वर्षात साधारण २४५ ते २५० दिवस चालतो. पूर्ण वर्षाच्या ओळी ४०० दिसल्या किंवा १२० दिसल्या, तर थांबा आणि कारण शोधा.

सुट्ट्यांचे दिवस भरू नका. वाशीच्या बाजारात कांद्याचा व्यापार करणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी त्यांच्या भावांची वही मला दिली होती. बंदच्या दिवशी त्यांनी शून्य लिहिलं होतं, त्यामुळे आलेखात कांदा दर आठवड्याला फुकट मिळत होता. बंदच्या दिवसाची ओळच नको. आणि शनिवार-रविवार सरसकट गाळू नका, कारण १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार चालू होता आणि १२ नोव्हेंबर २०२३ चं दिवाळीच्या मुहूर्ताचं ट्रेडिंग रविवारी झालं.

तारखा नीट झाल्या की एक्सटीएसमध्ये भाव आणि तारखा जोडा. क्रम ते स्वतः लावतं. मग प्लॉट म्हणा, आलेख तयार.

अनेक वर्षांचा आलेख असेल तर उभा अक्ष लॉग प्रमाणात घ्या, म्हणजे उंची अंकांऐवजी टक्क्यांनुसार दिसेल. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता घोटाळ्याच्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. २३ मार्च २०२० ला ३,९३५ अंकांनी. साध्या अक्षावर पहिली पडझड दिसतसुद्धा नाही. पण दोन्ही दिवशी गुंतवणूकदारांचे साधारण १३ टक्के गेले होते, आणि लॉग अक्षावर दोन्ही उतार सारख्याच उंचीचे दिसतात.

एकाच कंपनीचा भाव काढत असाल तर बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) यांसाठी सुधारलेला भाव घ्या. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. न सुधारलेल्या आलेखात तिथे भाव एका रात्रीत निम्मा झालेला दिसतो, आणि तो बघून घाबरलेले लोक मला ठाण्याच्या लोकलमध्ये भेटले आहेत. आलेखाखाली ‘बोनससाठी सुधारित’ असं लिहून ठेवा, शेजारी माहिती कोणत्या तारखेला उतरवली तेही लिहा, आणि मग चित्र जतन करा.