युरोपातल्या स्थलांतराची बातमी वाचायची कशी?

नर्सिंग करून जर्मन शिकणाऱ्या मुली आता आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडेही दिसू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून चौकशी आणखी वाढली. दुसरीकडे मोबाईलवर रोज कुठला ना कुठला व्हिडिओ येतो: युरोपने दारं लावली, जर्मनीत परदेशी लोकांना हाकलतायत, युरोपियन युनियन आता फुटणार. मी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. या मुली आणि त्यांचे आईवडील बातम्या घेऊन माझ्याकडे येतात आणि आम्ही एकत्र वाचतो. ती वाचायची रीत इथे लिहिते आहे. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवर मुलीच्या आयुष्याचा निर्णय होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी माणूस कोण ते ठरवा

मथळा बाजूला ठेवा. पेन्सिल घ्या आणि बातमीच्या कडेला लिहा की ही नेमकी कोणाबद्दल आहे. चार उत्तरं संभवतात. एक, युनियनमधल्याच दुसऱ्या देशाचा नागरिक. रुमानियाचा सुतार जर्मनीत कामाला जातो, त्याला व्हिसा लागत नाही. दोन, बाहेरून व्हिसा काढून कामाला किंवा शिकायला आलेला. आपल्या मुली यात येतात. तीन, आश्रय मागणारा. सीरिया, अफगाणिस्तान इथून आलेले बरेचसे लोक असे आले. चार, युक्रेनमधून युद्धामुळे आलेले. त्यांच्यासाठी मार्च २०२२ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ सालचा कायदा पहिल्यांदाच वापरला गेला.

या चौघांचे कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी आणि त्यांच्यावरून होणारं राजकारणही वेगळं. पण मत मागणारे चौघांना एकाच रांगेत उभं करतात. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण जून २०१६ चं आहे. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युनियन सोडायची की नाही याच्या सार्वमताला आठवडा उरला होता आणि सोडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनी एका पोस्टरसमोर उभं राहून प्रचार केला. पोस्टरवर माणसांची लांबच लांब रांग होती. तो फोटो क्रोएशिया-स्लोव्हेनिया सीमेवरच्या निर्वासितांचा होता. ब्रिटन तर शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात, कधीच नव्हता आणि युनियन सोडल्यामुळे जे थांबणार होतं ते पोलंड-रुमानियाच्या कामगारांचं मुक्त येणं. म्हणजे चित्र तिसऱ्याचं आणि मत पहिल्याविरुद्ध. पेन्सिलीची खूण केलेली असली की अशी सरमिसळ लगेच डोळ्यांवर येते.

पिंगुळीचे एक वडील आले होते. म्हणाले, "बाईनू, जर्मनीन दारां बंद केल्यान म्हणतत. आता चेडवाक धाडूचा की नाय?" त्यांनी पाहिलेली बातमी खरी होती. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली होती. मी त्यांच्यापुढे पुढच्याच महिन्याची बातमी ठेवली. चॅन्सेलर ओलाफ शोल्झ दिल्लीत आले होते आणि कुशल भारतीयांचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर झालं होतं. सरकार तेच. सीमेवर रोखायचा होता तिसरा माणूस, दिल्लीत बोलावला तो दुसरा.

मग अधिकार कोणाचा ते बघा

युरोपियन युनियनच्या कामकाजाच्या करारात ७९ वं कलम आहे. त्याचा पाचवा भाग नीट लक्षात ठेवा: बाहेरचे किती कामगार घ्यायचे हे प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचं. ब्रसेल्स, म्हणजे युनियनचं मुख्यालय, त्यात आकडा सांगू शकत नाही. म्हणून इटलीत जॉर्जिया मेलोनी २०२२ मध्ये समुद्रातून येणाऱ्या बोटी थांबवण्याची भाषा करत सत्तेवर आल्या आणि त्यांच्याच सरकारने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी साडेचार लाखांच्या आसपास परदेशी कामगारांचा कोटा मंजूर केला. शेतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला हात हवेतच.

आश्रयाचं तसं नाही, तिथे नियम सामायिक आहेत. डब्लिन नियम म्हणतो की आश्रय मागणारा बहुधा ज्या देशात पहिल्यांदा शिरला, त्या देशानेच त्याचा अर्ज तपासायचा. आता नकाशा काढा. आफ्रिकेकडून आलेली होडी लागते लाम्पेदुसाला. जेमतेम वीस चौरस किलोमीटरचं ते इटालियन बेट. म्हणजे भार इटली, ग्रीस, माल्टा यांच्यावर. पण माणसाला जायचं असतं जर्मनीला किंवा स्वीडनला, आणि शेंगेन करारामुळे मधल्या सीमांवर एरवी कोणी अडवत नाही. १९८५ मध्ये सही झालेल्या या करारात आज २९ देश आहेत. दक्षिणेकडचे देश म्हणतात, भार वाटून घ्या. उत्तरेकडचे म्हणतात, तुम्ही नोंद न करता पुढे सोडता. हंगेरी, पोलंड यांनी वर्षानुवर्षं म्हटलं, आम्हाला यातलं कोणीच नको. बहुतेक भांडणं या तीन वाक्यांत बसतात. बातमीतला देश या तिघांत कुठे आहे हे कळलं की त्याचा मंत्री पुढे काय बोलणार याचा अंदाज येतो.

तारखा एकाखाली एक मांडा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि आळस होतो तोही इथेच. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे सीमेचे आणि व्हिसाचे निर्णय, उजवीकडे निवडणुका आणि मोठ्या घटना. मुलींकडून मी जर्मनीचं पान असं लिहून घेतलं:

२३ ऑगस्ट २०२४, झोलिंगन शहराच्या उत्सवात चाकूहल्ला, तिघांचा मृत्यू. हल्लेखोर सीरियाहून आलेला. डब्लिन नियमाप्रमाणे त्याला बल्गेरियाला परत पाठवायचं होतं, ते झालं नव्हतं. १ सप्टेंबरला थुरिंगिया राज्याची निवडणूक. एएफडी हा स्थलांतरविरोधी, कडवा उजवा पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन एखाद्या राज्यात पहिल्यांदाच पहिला आला. १६ सप्टेंबरला सगळ्या सीमांवर तपासणी. २९ जानेवारी २०२५ ला तेव्हाचे विरोधी पक्षनेते फ्रीडरिश मेर्त्स यांचा कडक स्थलांतर धोरणाचा ठराव संसदेत एएफडीच्या मतांवर मंजूर झाला, देशभर निदर्शनं झाली. २३ फेब्रुवारीला देशाची निवडणूक, एएफडीला २०.८ टक्के. हाच पक्ष २०१३ मध्ये युरो चलनाला विरोध करत जन्मला, तेव्हा त्याला ४.७ टक्के मिळाले होते. मे महिन्यात मेर्त्स चॅन्सेलर झाले आणि लगेच आश्रय मागणाऱ्यांनाही सीमेवरूनच परत पाठवायचा आदेश निघाला. २ जूनला बर्लिनच्या न्यायालयाने तीन सोमाली लोकांच्या बाबतीत ते बेकायदेशीर ठरवलं. सरकार तरी मागे हटलं नाही. आणि ७ जुलैला पोलंडने जर्मनीच्या सीमेवर आपली तपासणी सुरू केली.

शेवटच्या ओळीवर थांबा. पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क हे युरोपवादी म्हणून ओळखले जाणारे नेते. पण जर्मनी परत पाठवलेली माणसं आपल्याकडे ढकलतोय असा ओरडा देशात उठला होता, सीमेवर स्वयंघोषित गस्ती पथकं उभी राहिली होती, आणि जूनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांच्या विरोधकांचा उमेदवार जिंकला होता. जर्मनीच्या मतदाराला दिलेलं उत्तर पोलंडच्या मतदाराचा प्रश्न झालं. ही साखळी एकदा हाताने लिहिली की युरोपची एकी कशी झिजते ते समजतं. तिथे कोणी युनियन मोडायला निघालेलं नसतं. जो तो आपली पुढची निवडणूक सांभाळत असतो.

सीमेवरची तपासणी म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं समजवावं लागत नाही. सावंतवाडी-दोडामार्गातली किती मुलं रोज गोव्यात कामाला जातात. २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा त्यांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंय. ओडर नदीच्या पुलाच्या एका टोकाला जर्मनीचं फ्रांकफुर्ट आणि दुसऱ्या टोकाला पोलंडचं स्लुबित्से. तिथल्या माणसांचाही रोजचा पूल तोच.

घोषणा सोडा, जागा मोजा

कुठल्या पक्षाला किती टक्के, यावर थांबू नका. सरकार कोणाच्या पाठिंब्यावर उभं आहे ते बघा. नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ मध्ये मार्क रुट्टे यांचं आघाडी सरकार आश्रयाच्या नियमांवरून पडलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांचा स्थलांतरविरोधी पक्ष १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला आला. जून २०२५ मध्ये त्याच विषयावरून विल्डर्स नव्या आघाडीतून बाहेर पडले आणि नवं सरकारही पडलं. एकाच मुद्द्याने दोन सरकारं घेतली. डेन्मार्कमध्ये उलट घडलं: मेट्टे फ्रेडरिक्सन यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने कडक धोरण स्वतःच उचललं आणि २०१९ ला सत्ता मिळवली. मला ते धोरण पटत नाही. पण घरांची टंचाई आणि सुरक्षितता याबद्दल लोकांना वाटणारी काळजी सगळी खोटी होती असंही मी मुलींना सांगत नाही.

एकी तुटली की टिकली, ते मतदानावरून ठरवा

"युरोप फुटला" असं वाचलं की विचारा, मतदान झालं का आणि कोणी कुठे हात वर केला? युनियनच्या मंत्रिपरिषदेत, म्हणजे सगळ्या देशांचे मंत्री बसतात तिथे, अशा विषयावर विशेष बहुमत लागतं: किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांच्यात युनियनची ६५ टक्के लोकसंख्या. सप्टेंबर २०१५ मध्ये १ लाख २० हजार आश्रयार्थी वाटून घ्यायचा निर्णय असाच झाला. हंगेरी, झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि रुमानिया विरोधात होते. कायद्याने निर्णय पक्का, पण अंमल फसला. युनियनच्या न्यायालयाने २०२० मध्ये पोलंड, हंगेरी आणि झेक प्रजासत्ताक यांना दोषी ठरवलं, तोवर ती योजनाच संपून गेली होती. बहुमताने लादलेली वाटणी कागदावर राहते, हा धडा ब्रसेल्सने त्यातून घेतला.

म्हणून २०२४ च्या नव्या स्थलांतर आणि आश्रय करारात पर्याय ठेवला आहे. देशाने माणसं घ्यावीत, नाहीतर माणशी २० हजार युरो द्यावेत, किंवा यंत्रणेची मदत करावी. हंगेरी आणि पोलंडने याही कराराविरुद्ध मत दिलं. त्याचे नियम १२ जून २०२६ पासून लागू करायचं ठरलं. या विषयाची बातमी आली की आकड्यांत शिरण्याआधी एवढंच शोधा: कोणत्या देशाने माणसं घेतली, कोणी पैसे मोजले आणि कोणी दोन्हीला नकार दिला. मग वहीच्या उजव्या रकान्यात त्या देशाची पुढची निवडणूक कधी आहे ते लिहा. आणि आपली मुलगी जर्मनीला निघालेली असेल, तर हे सगळं झाल्यावर तिच्या करारपत्रावरचा व्हिसाचा प्रकार, भाषेची अट आणि तिथल्या नर्सिंग मान्यतेचा कागद, हे तिन्ही तिच्याबरोबर बसून वाचा.