एस७-३०० वरून एस७-१५०० वर जाताना: कन्व्हर्टर जे आणत नाही

सिमेन्सने १ ऑक्टोबर २०२३ पासून एस७-३०० ही पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) मालिका फेज-आऊटमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करायला, टाकली; तिच्या जागी एस७-१५०० बसवतात. आता ती फक्त स्पेअर म्हणून मिळते, आणि तीही कायम मिळणार नाही. त्यामुळे भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर इथे वर्षानुवर्षं तक्रार न करता चाललेली पॅनेल उघडली जाताहेत, आणि हे काम बऱ्याचदा दोन-तीन वर्षं अनुभवाच्या मुलामुलींच्या गळ्यात पडतं. लॅडर येतं, एसटीएल (पीएलसीची ओळीओळींत लिहायची भाषा) निदान वाचता येतं, ड्रॉइंगवरून वायर शोधता येते, एवढं गृहीत धरतो.

पहिला धक्का मायग्रेशनच्या रिपोर्टचा. टीआयए पोर्टलमध्ये (सिमेन्सचं नवं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) कन्व्हर्टरने जुना प्रोजेक्ट घेतला की शेकडो लाल एरर दिसतात आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. लाल एरर प्रामाणिक असतात. एसएफसी ५१ (सीपीयूतलं तयार सिस्टम फंक्शन) एस७-१५०० मध्ये नाही, एसएफसी १३ ला डायग्नॉस्टिक ॲड्रेसऐवजी हार्डवेअर आयडेंटिफायर हवा, ड्राइव्हची जीएसडी (उपकरणाचं वर्णन असलेली) फाइल इन्स्टॉल नाही, अशा गोष्टी एकेक करून सुटतात. धोका पुढे आहे: सगळं हिरवं झाल्यावर.

त्याआधी सोर्स. स्टोअरमधल्या सीडीवरचा किंवा ‘फायनल_नवीन_२’ नावाच्या फोल्डरमधला प्रोजेक्ट आणि सीपीयूमधला प्रोग्राम एकच आहेत असं कधीच धरू नका. स्टेप ७ (जुनं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) मध्ये ऑनलाइन-ऑफलाइन तुलना करा, फरक दिसेल तो प्रत्येक ब्लॉक उघडून बघा. नुसतं अपलोड पुरत नाही, कारण त्यात सिम्बॉल आणि कॉमेंट येत नाहीत. डीबींच्या (डेटा ब्लॉक) चालू व्हॅल्यू वेगळ्या सेव्ह करा. रेसिपी, टूल ऑफसेट, काउंटर तिथेच असतात. जुन्या सीपीयूचं एमएमसी (मेमरी) कार्ड पॉवर बंद असतानाच काढा आणि लॅपटॉपमध्ये घालून विंडोजने फॉरमॅट करू नका, कार्ड कायमचं जातं. एस७-१५०० च्या मेमरी कार्डालाही हाच नियम.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. जुन्या सीपीयूचा स्कॅन टाइम (प्रोग्राम एकदा पूर्ण फिरायला लागणारा वेळ) हा जुन्या प्रोग्रामचा न लिहिलेला भाग असतो, आणि कन्व्हर्टर तो आणत नाही. सीपीयू ३१५ वर मोठा प्रोग्राम ३५ मिलिसेकंद घेत असेल, तर तोच एस७-१५०० वर ३ मिलिसेकंदांत संपू शकतो. व्हेंडर हे फायदा म्हणून सांगतो. ज्याने मूळ प्रोग्राम लिहिला त्याने मात्र कळत-नकळत त्या ३५ वर विसंबून बरंच काही लिहिलेलं असतं.

हे चार ठिकाणी चावतं.

पहिलं, स्कॅन मोजून केलेला डिले. एसटीएलमध्ये ‘एल एमडब्ल्यू १२०, प्लस १, टी एमडब्ल्यू १२०’ म्हणजे दर स्कॅनला एक वाढवायचा, आणि खाली १०० शी तुलना. लिहिणाऱ्याचा टायमर संपला असेल किंवा कंटाळा आला असेल, कारण काहीही असो. ३५ मिलिसेकंदांनी ते ३.५ सेकंद होतात, ३ मिलिसेकंदांनी फक्त ०.३. क्लॅम्पमध्ये हायड्रॉलिक प्रेशर भरायच्या आत स्लाइड निघाली तर काय होईल याचा विचार करा. ही बारीकसारीक गोष्ट नाही, इथे माणसाला इजा होऊ शकते.

दुसरं, रॅम्प आणि ॲव्हरेज. ॲनालॉग आउटपुट दर स्कॅनला ५० ने वाढवत ० वरून २७६४८ पर्यंत न्यायचं तर ५५३ स्कॅन लागतात. म्हणजे आधी जवळपास १९ सेकंद, आता पावणेदोन सेकंदांहूनही कमी. १६ सॅम्पलचा मूव्हिंग ॲव्हरेज आधी अर्ध्या सेकंदाहून जास्त काळाचा होता, आता ४८ मिलिसेकंदांचा. लेव्हल ट्रान्समीटरचं रीडिंग नाचायला लागलं की सगळे अर्थिंग तपासत बसतात, आणि दोष असतो या ॲव्हरेजमध्ये.

तिसरं, एका स्कॅनची पल्स. एफपीवर (सिग्नल चालू होताना एकच स्कॅन टिकणारी पल्स) थेट आउटपुट दिलेलं असतं. इंटरपोझिंग रिले ओढायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. आधी ३५ ची पल्स मिळायची, रिले ओढायचा. आता ३ ची मिळते आणि तो हलतही नाही. प्रॉफिबसवरून ड्राइव्हला दिलेल्या फॉल्ट रीसेटचंही तेच: कधी पोचतो, कधी नाही. अशी अधूनमधून येणारी तक्रार सगळ्यात जास्त वेळ खाते. टीपी (ठरावीक वेळेची पल्स देणारा) टायमर टाकून पल्स २०० ते ३०० मिलिसेकंद करा आणि पुढे चला.

चौथं, कॉन्टॅक्ट बाउन्स. जुना सीपीयू इनपुट ३५ मिलिसेकंदांतून एकदा बघायचा, त्यामुळे लिमिट स्विचचं ८ मिलिसेकंदांचं थरथरणं बहुतेक वेळा त्याच्या नजरेतून सुटायचं. नवा त्याच थरथरण्यात दोन-तीनदा बघतो, दोन एज पकडतो आणि एका जॉबचे दोन मोजतो. डीआय (डिजिटल इनपुट) कार्डाचा इनपुट डिले ३.२ मिलिसेकंदांवर असेल तर तेवढ्याने हे थांबत नाही. हाय फीचर कार्डावर तो १२.८ किंवा २० करता येतो. पण सरसकट सगळ्या चॅनेलना २० लावायचा शॉर्टकट नको. कन्व्हेयर मिनिटाला ६० मीटर धावत असेल, म्हणजे सेकंदाला १ मीटर, तर २० मिलिमीटरच्या डॉगचा (सेन्सरसमोरून जाणारा तुकडा) सिग्नल फक्त २० मिलिसेकंद टिकतो. २० चा फिल्टर तो गिळून टाकेल. लिमिट स्विच आणि पुशबटन वेगळे, प्रॉक्सिमिटी वेगळे.

शोधायचं कसं? शटडाऊनच्या आधी जुन्या मशीनवर मॉड्यूल इन्फर्मेशनमधून किमान, चालू आणि कमाल सायकल टाइम लिहून घ्या: मशीन उभं असताना, ऑटोमध्ये चालताना आणि फॉल्ट आल्यावर. मग क्रॉस रेफरन्स उघडा आणि प्रत्येक एफपी, एफएन (सिग्नल बंद होतानाची पल्स), आणि जिथे तोच वर्ड वाचून, बदलून, पुन्हा त्यातच लिहिलाय अशी प्रत्येक जागा वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, आणि नेमकं हेच कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. एका महिन्यात टीआयए एक्स्पर्ट करणाऱ्या क्लासबद्दल माझं मत चांगलं नाही. तिथे कोऱ्या प्रोजेक्टवर ट्रॅफिक सिग्नल शिकवतात. मूळ एस५ टायमर मात्र बिनधास्त सोडा, ते एस७-१५०० मध्ये चालतात आणि स्कॅनवर अवलंबून नसतात.

सीपीयूच्या प्रॉपर्टीजमध्ये किमान सायकल टाइम देता येतो. तो ३५ केला की वरच्यातलं बरंच काही तात्पुरतं शांत होतं. पहिल्या आठवड्यात ही कुबडी घ्यायला हरकत नाही, पण हँडओव्हरच्या कागदावर ती लिहा आणि यादीतली ठिकाणं दुरुस्त झाली की काढा. ‘चालतंय ना, मग हात लावू नको’ म्हणणाऱ्या सीनियरचं या बाबतीत ऐकू नका. पीएलसीसिममध्ये लॉजिक तपासता येतं, प्रत्यक्ष सीपीयूचा वेग नाही, त्यामुळे तिथे पास झालं यावर विसंबू नका.

पीआयडी असेल तर एफबी ४१ (पीआयडीचा ब्लॉक) सायक्लिक इंटरप्टमध्येच, म्हणजे ठरावीक वेळाने चालणाऱ्या भागात, हवा. टीआयएमध्ये ती वेळ मायक्रोसेकंदांत टाकतात: १०० मिलिसेकंद म्हणजे १०००००. तिथे नुसतं १०० टाकणारे दर वर्षी भेटतात. ब्लॉकचा सायकल पॅरामीटरही त्याच्याशी जुळवा.

एरर ओबींची (दोष आला की चालणारे ब्लॉक) वागणूकही बदलते. एस७-३०० मध्ये ओबी ८६ नसेल आणि डीपी (प्रॉफिबस) स्टेशन पडलं तर सीपीयू स्टॉपमध्ये जातो. काही जुन्या मशीनचा सगळा बचाव या ‘स्टॉप’वरच उभा असतो. एस७-१५०० ओबी ८६ नसला तरी रनमध्ये राहतो. म्हणून प्रत्येक स्टेशनचा हेल्थ बिट इंटरलॉकमध्ये आणणं तुमचं काम. फेलसेफ सीपीयू असेल तर त्याला एकट्याने हात लावू नका. सेफ्टी फंक्शनची पडताळणी पुन्हा करावीच लागते.

रिटेन (पॉवर गेली तरी व्हॅल्यू टिकणं) तपासा. जुन्या सीपीयूत डीबी आपोआप रिटेंटिव्ह असायचे, एस७-१५०० मध्ये नव्या डीबीला ते मुद्दाम द्यावं लागतं. डीबीची रचना बदलून डाउनलोड केलं की व्हॅल्यू स्टार्ट व्हॅल्यूवर जातात, त्यामुळे आधी स्नॅपशॉट. एआर१, एआर२ (ॲड्रेस रजिस्टर) किंवा ॲक्युम्युलेटरमधून एका ब्लॉकमधून दुसऱ्यात व्हॅल्यू नेणारं एसटीएल दिसलं तर ते एससीएलमध्ये नव्याने लिहा. ठिगळ लावण्यात जास्त वेळ जातो.

जुना स्काडा किंवा तिसऱ्या कंपनीचा एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) जोडला जात नसेल तर या क्रमाने बघा: सीपीयूमध्ये पुट-गेटला (बाहेरून डेटा वाचणं-लिहिणं) परवानगी, डीबी नॉन-ऑप्टिमाइज्ड, ॲक्सेस लेव्हल, आणि ड्रायव्हरमध्ये स्लॉट २ ऐवजी १. एमपीआयवर (सिमेन्सचा जुना पोर्ट) असलेला पॅनेल मात्र कशानेही जोडला जाणार नाही, एस७-१५०० ला एमपीआय नाहीच. याचा खर्च कोटेशनमध्येच धरा.

वायरिंगचं म्हणाल तर पहिल्याच शटडाऊनला सगळं उपसू नका. जुन्या रॅकवरचा सीपीयू काढून तिथे आयएम १५३ बसवला की तोच रॅक ईटी २०० एम (प्रॉफिबसवरचा रिमोट आय/ओ) होतो. कार्डं आणि वायर जागच्या जागी राहतात, वर १५१६-३ पीएन/डीपी मास्टर. हार्डवेअर कॉन्फिगमध्ये जुनेच ॲड्रेस द्या. कार्डं पुढच्या शटडाऊनला. आणि ती बदलताना एक लक्षात ठेवा: एस७-३०० च्या ३२ चॅनेल डीआय कार्डावर पहिले आठ चॅनेल २ ते ९ टर्मिनलवर असतात, एस७-१५०० वर १ ते ८. रात्री दोन वाजता वायरमन सवयीने जुन्या नंबरावर वायर ठोकतो आणि सगळे इनपुट एक घर सरकतात. फेरुलवर (वायरच्या टोकावरची नंबरची नळी) टर्मिनल नंबरऐवजी सिग्नलचा ॲड्रेस छापून घ्या. तसंच, प्लांटमधल्या जुन्या इलेक्ट्रिशियनला सुरुवातीपासून सोबत घ्या. ड्रॉइंगमध्ये नसलेली जम्पर फक्त त्याला माहीत असते, आणि सल्लागारापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

गणपती किंवा दिवाळीच्या शटडाऊनमध्ये ३६ तास मिळाले, तर मागे फिरायची वेळ आधीच प्रॉडक्शनकडून लिहून घ्या. जुना सीपीयू परत बसवून ट्रायल घ्यायला सहा तास लागणार असतील तर किमान नऊ राखून ठेवा. त्या वेळेपर्यंत ड्राय सायकल झाली नाही तर मागे फिरा. शिव्या पडतील, पण सोमवारी लाइन उभी राहिली तर त्याहून जास्त पडतात. मागे फिरलेलं काम पुढच्या खेपेला निम्म्या वेळात होतं.

निघताना फोर्स टेबल रिकामं करा. एस७-१५०० वर मेंट एलईडी पिवळा जळत असेल तर कुठेतरी फोर्स राहिला असू शकतो, आणि फोर्स पॉवर ऑफ-ऑननेही जात नाही. टीआयए व्ही१७ पासून कॉन्फिगरेशन डेटाला पासवर्ड लावता येतो. तो लावला असेल तर स्पेअर सीपीयूमध्ये नुसतं कार्ड घालून मशीन सुरू होणार नाही. पासवर्ड, टीआयएची आवृत्ती आणि सीपीयूचं फर्मवेअर, तिन्ही मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये लिहा आणि शिफ्ट इन्चार्जची सही घ्या.