आईबाबा न्यूझीलंडला येताहेत? बॅग भरण्याआधी हे वाचा

माझं गाव देवगड तालुक्यात आणि नोकरी न्यूझीलंडमधल्या टे पुके गावच्या किवीफळांच्या बागेत. दोन्हीकडे फळबागच, त्यामुळे ऑकलंडमधल्या ओळखीच्यांपैकी कुणाचेही आईवडील मुंबईहून निघायचे झाले की फोन मला येतो. "आमसुलं चालतात का रे?" "सुनेच्या ओटीसाठी नारळ आणला तर?" "बाबांनी पडवळाचं बी बांधून ठेवलंय." प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. खायची किंवा झाडापासून आलेली कुठलीही वस्तू बॅगेत असेल, तर देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर "हो" लिहायचं. तीळगुळाची एक पुडी असली तरी "हो". जाहीर केलेली वस्तू नियमात बसली नाही तर फार तर काढून घेतील. जाहीर न केलेल्या वस्तूला मात्र जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहून गेलं तरी तोच. "विसरले हो" म्हणून सुटका होत नाही, कारण हा दंड खोट्या किंवा चुकीच्या माहितीचा असतो, हेतूचा नाही. मुद्दाम चोरून आणलं असं सिद्ध झालं तर 1993 च्या बायोसिक्युरिटी (म्हणजे बाहेरची कीड आणि रोग रोखण्याच्या) कायद्याखाली एक लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडच्या मंडळींना हे सगळं अतीच वाटतं. "एवढ्याशा कढीपत्त्यानं काय होणार आहे?" मी त्यांना आमच्या बागेतली खोडं दाखवतो. नोव्हेंबर 2010 मध्ये टे पुकेमध्ये पीएसए नावाचा जिवाणू पहिल्यांदा सापडला. पानांवर पिवळ्या कडेचे तपकिरी ठिपके, मग फांदी वाळते आणि खोडातून गंजासारखं लालसर पाणी गळायला लागतं. त्या वेळची सोनेरी किवीची जात, हॉर्ट16ए, त्याच्यापुढे टिकलीच नाही. लोकांनी जोमदार वेली करवतीनं बुंध्याशी कापल्या आणि त्याच खुंटांवर जी3 या नव्या जातीची कलमं बांधली. आज दुकानात जी सनगोल्ड मिळते ती हीच. आमच्या बागेत अजून खुंट एका जातीचा आणि वर वेल दुसऱ्या जातीची, असा जोड हाताला लागतो. हा रोग आला कुठून, यावर बागायतदार सरकारविरुद्ध कोर्टात गेले. 2018 मध्ये उच्च न्यायालयानं निष्कर्ष काढला की तो चीनहून आणलेल्या परागांच्या मालातून आला. त्या मालाला तर रीतसर परवाना होता. पुढे अपिलात सरकारच्या बाजूनं निकाल लागला आणि 2021 मध्ये 4 कोटी डॉलरवर तडजोड झाली. परवान्यानं आलेला माल एवढं करून जातो, तर हे लोक तुमच्या पिशवीतल्या पाल्याकडे डोळेझाक कशी करतील?

आता कामाला लागू.

फॉर्म. त्याचं नाव न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन. प्रवास सुरू होण्याच्या 24 तास आधीपासून तो ऑनलाइन भरता येतो आणि एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. ऑनलाइन जमत नसेल तर कागदी फॉर्म असतो. बहुतेक घरांत हा फॉर्म इथं बसलेला मुलगा किंवा मुलगी भरते आणि खरी गडबड तिथंच होते. बॅग भरली आईनं, वर शेजारच्या काकूंनी एक डबा दिला आणि मुलानं भरलं "खाद्यपदार्थ: नाही". म्हणून फॉर्म भरताना व्हिडिओ कॉल लावा, बॅग उघडी ठेवायला सांगा आणि एकेक वस्तू वाचून घ्या. जबाबदारी प्रवाशाची असते, फॉर्म कुणीही भरलेला असो. दुसऱ्यानं दिलेलं बांधलेलं पुडकं उघडून पाहिल्याशिवाय आणायचं नाही. काकू रागावल्या तर रागावू देत.

फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो: गेल्या 30 दिवसांत शेतावर गेला होता का, जनावरांशी संबंध आला का? गावाकडून येणारे लोक इथं हटकून "नाही" म्हणतात. त्यांना वाटतं, शेत म्हटलं की व्हिसाची भानगड होईल. काही होत नाही. "हो" म्हणायचं. अधिकारी चपला-बूट बघायला मागतात, म्हणून ते निघण्याआधी ब्रशनं घासून धुवा. तळव्याच्या खाचांमध्ये माती असते, ती जुन्या टूथब्रशनं काढा. मातीतून काय काय येतं ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मातीच्या बाबतीत हे लोक अजिबात ऐकत नाहीत.

मग बॅग. पलंगावर चादर घाला आणि सगळं बाहेर काढून तीन ढीग करा.

पहिला ढीग घरीच राहणार. ताजी फळं, ताजी भाजी, कढीपत्ता, ओली हळद, आलं, विड्याची पानं, आंब्याचा टाळा, बेल, दूर्वा, गजरा, हार, तुळशीचं रोप, मंजिऱ्या, कसलीही फांदी किंवा कंद. पेरायचं बी याच ढिगात. पडवळ, भोपळा, घेवडा, काहीही असो. इथं कुठल्या वनस्पतीचं बी येऊ शकतं याची सरकारी यादी आहे आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. रुमालाच्या गाठीत बांधलेलं बी त्या अटींत बसणं अशक्यच. बाबांना सांगा, बी इथं मिळतं. कढीपत्त्याचं रोपही नर्सरीत मिळतं, किंमत ऐकून घाम फुटतो एवढंच. मध आणायचा नाही. मधमाश्यांचे रोग मधातून पसरतात आणि किवीच्या फुलोऱ्यात आमचं सगळं काम मधमाश्यांवर चालतं. च्यवनप्राशात मध असतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून तो डबाही याच ढिगात टाका. गोवऱ्या, धुनीची सामग्री, शेतातली चिमूटभर माती हेही नकोच.

दुसरा ढीग जाहीर करून आणायचा. यात मसाले, पापड, लोणचं, चिवडा, चकल्या, आमसुलं, आंबापोळी, डाळी, सुपारी, हळकुंडं. नियम वस्तूगणिक बदलतात आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा असतो, पण काही गोष्टींनी काम सोपं होतं. कंपनीचं बंद पाकीट, त्यावर इंग्रजीत नाव आणि घटक असतील तर अधिकारी वाचतो आणि पुढे जातो. घरचा गोडा मसाला आणायचाच असेल तर कुटून, बारीक पूड करून, पारदर्शक पिशवीत आणा. आमसुलं हा एक नमुनाच आहे. ज्यानं आयुष्यात कोकम पाहिलं नाही त्याला ती काळपट, चिवट साल म्हणजे कसल्या तरी झाडाची पापुद्रे निघालेली सालच वाटते. त्यातून एखाद्या तुकड्याला आत बी चिकटलेलं राहिलं तर पुढचा अर्धा तास तुमचा. म्हणून आईला आमसुलं एकेक उलगडून बघायला सांगा, बी असेल ते काढा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: "ड्राइड कोकम फ्रूट स्किन, नो सीड्स" (अर्थात इंग्रजी लिपीत). मी प्रत्येक पिशवीवर अशी चिठ्ठी लावायला लावतो.

डाळी-तांदूळ आणूच नयेत असं माझं मत. ऑकलंडच्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं, आणि आपल्या धान्यात राहणारा खापरा भुंगेरा हा या देशांचा मोठा वैरी. त्याची अळी खाण्याशिवाय वर्षानुवर्षं पोत्याच्या शिवणीत पडून राहू शकते. दोन किलो इंद्रायणीसाठी कशाला हा ताप?

पेढे, बर्फी, तूप यांचा प्रश्न झाडांचा नाही, जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा आहे. तो रोग आपल्याकडे आहे, इथं नाही. दुधाचं काही असेल तर तेही जाहीर करा, आणि नाही मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका.

लाकडी वस्तूही याच ढिगात: पोळपाट-लाटणं, रवी, वेताचं सूप, बांबूची परडी. साल लागलेली नको, भोकं पडलेली नको. लाटण्याला सुईएवढं भोक असेल आणि आपटल्यावर पांढरी भुकटी पडत असेल तर आत कीड आहे. असलं लाटणं इथं आणणं तर सोडाच, पोळ्यांनाही वापरू नका.

तिसऱ्या ढिगाबद्दल बोलायला नको. कपडे, भांडी, हळदकुंकवाचे करंडे. फक्त जुन्या बॅगेचे बाजूचे कप्पे उलटे करून झटका. गेल्या वर्षीच्या तीर्थयात्रेतलं प्रसादाचं खोबरं तिथंच सापडतं.

दुसरा ढीग सगळा एकाच बॅगेत, वरच्या बाजूला ठेवा. टेबलावर अधिकारी खाणं काढायला सांगतो, तेव्हा साड्यांच्या घड्यांमधून पापड शोधत बसायची वेळ येऊ नये.

विमानतळावर पासपोर्ट आणि सामान झालं की बायोसिक्युरिटीची रांग येते. त्याआधी मोठे डबे ठेवलेले दिसतील. शंका असलेली वस्तू त्यात टाकली तर कुणी काही विचारत नाही, दंडही नाही. ही शेवटची संधी. बीगल कुत्रा जवळ येऊन बसला तर घाबरायचं नाही, त्याला वास आलाय इतकंच. हात लावायचा नाही. इंग्रजी बोलायची सवय नसेल तर एक वाक्य पाठ करून ठेवा: "आय हॅव फूड, प्लीज चेक." आणि वस्तूंची इंग्रजी यादी कागदावर हातात द्या, मोबाइलवर नको, ऐन वेळी बॅटरी संपते. काढून घेतलेल्या वस्तूबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. तो अधिकारी रोज लोणच्यावरून भांडणं ऐकत असतो.

राहता राहिला हापूस. पेटी आणू का, हा प्रश्न दर एप्रिलला येतो. नाही. जानेवारी 2025 मध्ये ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात, जिथं आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, सापळ्यात एक नर फळमाशी सापडली. एकच. तेवढ्यावरून आसपासच्या घरांतून फळं-भाज्या बाहेर न्यायला बंदी झाली, कचऱ्यासाठी वेगळे डबे आले आणि दुसरी माशी सापडत नाही म्हटल्यावर काही आठवड्यांनी निर्बंध उठले. ती जात ओरिएंटल फ्रूट फ्लाय, म्हणजे आपल्या आंब्यात अंडी घालणारी तीच. इथल्या दुकानात भारतीय आंबा दिसतो तो बाष्पाच्या उष्णतेची प्रक्रिया करून, तपासणीचा दाखला घेऊन आलेला असतो. बॅगेतल्या पेटीला तो दाखला कुठून येणार? पायरी असो की हापूस, बाहेरून फळ कितीही देखणं असलं तरी आतली अंडी दिसत नाहीत.

आमच्या अण्णांना हे अजून पटलेलं नाही. "आपल्या कलमांवर माशी नाही," असं ते फोनवर ठामपणे सांगतात. मग बागेत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे फळमाशी पकडायचे रक्षक सापळे कशाला टांगलेत, असं विचारलं की तिकडे पाऊस कसा आहे ते विचारतात.