वडील किंवा आई गेल्यानंतर शाळेत परतलेले मूल : प्राथमिक शिक्षकांसाठी

पहिली-दुसरीतल्या मुलाचे वडील किंवा आई अचानक गेली, तर ते मूल बहुधा तेराव्यानंतर शाळेत परतते. तोवर घरात सारे विस्कटलेले असते: रडणारी माणसे, सतत येणारे-जाणारे पाहुणे, कर्जाची आणि जमिनीची बोलणी, आणि काही विचारले की ‘तू बाहेर जाऊन खेळ’ एवढेच उत्तर. परिपाठ, हजेरी, पाढे, मधल्या सुट्टीतली खिचडी हा क्रम जिथे पूर्वीसारखाच चालू आहे, असे ठिकाण त्या मुलाला एकच उरते, आणि ते म्हणजे शाळा. शिक्षकांकडून मानसोपचाराची अपेक्षा कोणी करत नाही. हा क्रम टिकवावा आणि त्यात भरवशाचे एक मोठे माणूस म्हणून रोज हजर असावे, हे त्यांचे काम आहे.

मूल परतण्याआधी वर्गशिक्षकांनी घरी जाऊन यावे. सांत्वनाबरोबर एक गोष्ट आवर्जून विचारावी: मुलाला नेमके काय सांगितले आहे? ‘बाबा गावाला गेले’ किंवा ‘झोपले’ असे सांगितले असेल, तर मूल वाट पाहत राहते, किंवा स्वतः झोपायला घाबरू लागते. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे नीट उमगलेले नसते, त्यामुळे ती ‘बाबा कधी येणार?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दर वेळी तेच शांत आणि खरे उत्तर द्यावे: ‘बाबा वारले. त्यांचे शरीर चालायचे थांबले. ते परत येऊ शकत नाहीत, आणि आपल्याला त्यांची आठवण येणारच.’ देवाघरी गेले असे घरचे म्हणत असतील, तर ते खोडून काढू नये. परत येणार नाहीत एवढी गोष्ट मात्र स्पष्ट ठेवावी.

आत्महत्येच्या प्रसंगी, आणि विदर्भ-मराठवाड्यातील शाळांनी हा प्रसंग फार वेळा पाहिला आहे, काय सांगायचे ते आधी आईशी बोलून ठरवावे. गावात कुजबुज असतेच, आणि मुलाला ती वर्गमित्राच्या तोंडून कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेली बरी. ‘बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता, आणि त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला’ एवढे लहान मुलाला पुरते; कसे घडले याचा तपशील सांगू नये. याच वयातील मुले ‘मी सायकलसाठी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ असा अर्थ स्वतःशीच लावतात आणि तो कोणाजवळ बोलत नाहीत. म्हणून मुलाने विचारण्याची वाट न पाहता ‘तुझ्या बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे हे झालेले नाही’ असे त्याला सांगावे, आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा सांगावे.

वर्गाचीही तयारी करावी लागते. मुलाचे केस काढलेले असतील, तर मुले हसतात. हे आदल्या दिवशीच बोलून घ्यावे आणि टोपी घालून बसण्याची मुभा द्यावी. परिपाठात त्याला उभे करून श्रद्धांजली वाहू नये. ‘बिचारा’ हा शब्द शिक्षकखोलीतही टाळावा, कारण तो मुलापर्यंत पोहोचतोच. आणि ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला कोणीही, कितीही मायेने, म्हणू नये. मुलीला ‘आईला आता त्रास देऊ नकोस’ असे बजावणे हेही तसेच ओझे आहे.

आपल्याकडे मुलाच्या पूर्ण नावात वडिलांचे नाव असते, हे हजेरी घेताना सहसा लक्षात येत नाही. काही मुलांना ते ऐकणे हवेसे वाटते, काहींना सहन होत नाही. मुलाला बाजूला घेऊन विचारावे आणि ते म्हणेल तसे पुकारावे. आपण होऊन वडिलांचे नाव गाळू नये. ‘माझे बाबा’ या निबंधाला ‘माझे आवडते माणूस’ असा पर्याय पूर्ण वर्गालाच द्यावा, म्हणजे ते एकटे वेगळे पडत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत पोट दुखणे, चड्डीत लघवी होणे, बाईंचा पदर न सोडणे, येत असलेली अक्षरे विसरणे, किरकोळ कारणावरून मारामारी हे सारे दिसू शकते. मुले खेळात तिरडीही बांधतात. ते पाहून मोठ्यांना धक्का बसतो, पण तो खेळ थांबवू नये. न समजलेली गोष्ट मूल त्यातून समजून घेत असते. ‘काय झाले ते सांग’ असा आग्रह नको. चित्राची वही आणि खडू जवळ असू द्यावेत, आणि रडू आले तर न विचारता बाहेर पायरीवर जाऊन बसता येईल अशी एक खूण ठरवून द्यावी. वर्गाचे नियम मात्र त्यालाही तेच असावेत. मारणाऱ्या हाताला शांतपणे थांबवावे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहेच, पण अशा मुलाला आवाज चढवूनही फार लागते.

महिना उलटूनही झोप, जेवण किंवा खेळ पूर्वपदावर येत नसेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाची मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर शिक्षक स्वतःही सल्ला घेऊ शकतात. ‘मला बाबांकडे जायचे आहे’ असे मूल म्हणाले, तर त्याला काय म्हणायचे आहे ते त्याच दिवशी शांतपणे समजून घ्यावे. मरण्याचा विचार त्यात दिसला, तर त्याला एकटे न सोडता लगेच पालकांना आणि डॉक्टरांना कळवावे. बोलताना घरातील मारहाण कळली, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये.

मुलाच्या सांभाळासाठी आर्थिक मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेची माहिती घरच्यांना द्यावी. एक पालक गमावलेल्या मुलांनाही तिचा लाभ मिळू शकतो, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो, आणि बोनाफाईड दाखला शाळेने त्याच दिवशी द्यावा. आई मुलांना घेऊन माहेरी गेली, तर शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, हेही तिला सांगावे, आणि तिच्या संमतीने नव्या वर्गशिक्षकांना फोन करावा.

वर्षश्राद्ध, दिवाळी, पोळा, वडिलांचा वाढदिवस या दिवसांच्या आसपास मूल पुन्हा ढासळू शकते, म्हणून त्या तारखा वर्गशिक्षकांनी आपल्याजवळ टिपून ठेवाव्यात, आणि जूनमध्ये वर्ग बदलला की पुढच्या शिक्षकांना त्या समोरासमोर बसून सांगाव्यात.