ग्रीसच्या तावेर्नात शाकाहारी माणसाने पोटभर कसं जेवावं

ग्रीसला निघालेल्या शाकाहारी मंडळींना दोन सल्ले हमखास मिळतात: ठेपले बांधून न्या, नाहीतर ग्रीक सॅलड आणि पिझ्झावर दिवस काढा. दोन्ही सल्ले वाईट आहेत. त्यांच्यापायी माणसं आठवडाभर तिथे राहून तिथलं जेवण न चाखताच परत येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासांमुळे परंपरा पाळणाऱ्या ग्रीक घरात वर्षातले कितीतरी दिवस मांस, दूध, अंडं शिजत नाही. ईस्टरआधीचा मोठा उपास, 1 ते 14 ऑगस्ट, नाताळच्या आधीचे आठवडे आणि शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार. या दिवसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जो स्वयंपाक घडला, तो भाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्ह तेलाचा. तो तावेर्नात, म्हणजे साध्या ग्रीक खाणावळीत, आजही रोज शिजतो, फक्त मागता आला पाहिजे.

जागा

दारात उभं राहून हाका मारणारा माणूस आणि पदार्थांच्या फोटोंचं मेनूकार्ड दिसलं की पुढे चला. अथेन्सच्या प्लाका भागात हे फार. 'प्सिस्तारिया' म्हणजे भट्टीवर मांस भाजणारी जागा, 'प्सारोतावेर्ना' माशांची. आपल्याला हवं ते 'मायिरियो', म्हणजे सकाळी मोठ्या ट्रेमध्ये आणि पातेल्यांत घरगुती स्वयंपाक करून ठेवणारं साधं खाणावळवजा ठिकाण, किंवा तसं शिजवलेलं जेवण ठेवणारी तावेर्ना.

वेळ

मुख्य जेवण दुपारी घ्या. ग्रीक लोक दुपारी दोन-तीनला जेवतात आणि रात्री नऊच्या पुढे. भाज्यांचे ट्रे सकाळी भट्टीत जातात, दुपारपर्यंत मुरतात आणि रात्रीपर्यंत त्यातले चांगले संपलेले असतात. दिवसभर भटकून रात्री 'आता नीट जेवू' म्हणणाऱ्या शाकाहारी माणसाच्या वाट्याला तळलेले बटाटेच उरतात.

मागवणं: इथेच सगळं बिघडतं

मलाही जमायला वेळ लागला तो हाच टप्पा, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट, मेनूकार्ड बाजूला ठेवा. छापलेल्या कार्डावर वर्षभराचे पदार्थ असतात, त्यातले त्या दिवशी अर्धेच शिजलेले असतात. बसल्यावर विचारा, "ती एहेते सीमेरा?" आज काय आहे? साध्या ठिकाणी काचेच्या कपाटापाशी किंवा थेट स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ट्रे दाखवतात. नेलं नाही तर 'बघू का?' असं हाताने विचारा, कोणी रागावत नाही. बोट दाखवून मागणं ही तिथली जुनी रीत आहे, तिच्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट, 'व्हेजिटेरियन' म्हणून मोकळे होऊ नका. तो शब्द ऐकला की वाढणारा सॅलड आणि तळलेल्या भाज्या सुचवतो आणि निघून जातो. त्याऐवजी 'लादेरा' मागा. ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि कांद्यात मंद आचेवर शिजवलेल्या भाज्यांचा हा सगळा वर्ग आहे. फासोलाकिया म्हणजे फरसबी, बामिएस म्हणजे चक्क भेंडी, ब्रियाम म्हणजे वांगी, झुकिनी, बटाटे एकत्र भाजलेले. येमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. चांगला येमिस्ता ओळखायचा कसा? टोमॅटोचं झाकण सुरकुतलेलं, कडा काळसर, आणि मधल्या फटींत खोचलेल्या बटाट्याच्या फोडी तेल पिऊन केशरी झालेल्या. झाकण गुबगुबीत, लालभडक दिसलं तर सोडा. येमिस्तात खिमाही भरतात, तेव्हा विचारूनच घ्या.

कडधान्यांत यीगान्देस घ्या, टोमॅटोत भाजलेला मोठा पांढरा वाल. त्यात कधीकधी सॉसेज पडतं, तेवढं विचारा. सिफ्नोस बेटावर गेलात तर रविवारची रेविथादा चुकवू नका. हरभरे, कांदा, तेल मातीच्या भांड्यात घालून शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात आणि सकाळी काढतात. फावा सगळीकडे मिळते, सांतोरिनी बेटावरची नावाजलेली: पिवळ्या डाळीचं घोटलेलं, आपल्या घट्ट वरणासारखं, वर कच्चा कांदा आणि तेलाची धार. उन्हाळ्यात 'होर्ता', म्हणजे उकडलेला पाला, मागितला की बहुतेकदा 'व्लीता' येतो. तो आपल्या माठाचा सख्खा भाऊ. लिंबू पिळून खा.

हे सगळं कोमट येतं. कोमटच येणार. 'थंड आणलं' म्हणून परत पाठवणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि मायक्रोवेव्हमधून फिरून आलेल्या त्या भाजीची चव गेलेलीही पाहिली आहे. लादेरा मुरल्यावर आणि निवल्यावरच लागतं. ताटलीच्या कडेने साचलेलं केशरी तेल पावाने पुसून खायचं असतं. तेल जास्त आहे म्हणून ते बाजूला काढलंत तर अर्धा पदार्थ टाकलात.

तिसरी गोष्ट, माणशी एक डिश मागवू नका. सगळं टेबलाच्या मध्ये येतं आणि वाटून खातात. चौघांना एक सॅलड, एक फावा, दोन किंवा तीन लादेरा भरपूर होतात. संपलं तर आणखी मागा. एकदम सात-आठ पदार्थ मागितलेत तर ते जसे तयार होतील तसे येतात आणि टेबलावर जागा उरत नाही.

फसवे पदार्थ

'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं, आणि उपासाचं म्हणजे शाकाहारी, असं सांगणारे लेख वाचलेत तर विसरा. ग्रीक उपासात मासे वर्ज्य असले तरी कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस, शिंपल्या चालतात. म्हणून निस्तिसिमो भातात कोळंबी असू शकते.

तारामोसालाता हे गुलाबी किंवा फिकट पांढरं 'सॅलड' माशाच्या अंड्यांचं असतं. शेजारी ठेवलेलं मेलित्झानोसालाता भाजलेल्या वांग्याचं, ते बिनधास्त घ्या. द्राक्षाच्या पानांचे दोल्मादाकिया थंड, लिंबू-तेलाचे असले तर बहुधा भाताचे. गरम आणि पिवळट सॉसमध्ये आले तर आत खिमा आणि सॉसमध्ये अंडं. झुकिनीच्या वड्यांत अंडं आणि चीज धरूनच चाला. प्सारोतावेर्नात तळलेली वांगी बहुधा माशांच्याच तेलात तळलेली असतात. सॅलडवर येणारं फेटा चीज मेंढीच्या दुधाचं असतं, त्यात शेळीचं दूध जास्तीत जास्त 30 टक्के चालतं, आणि पारंपरिक पद्धतीत दूध विरजायला प्राण्यांपासून मिळणारं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सॅलडवरचा फेट्याचा तुकडा नको म्हणून आधीच सांगावं.

विचारताना पदार्थाचं नाव घेऊन एकेक गोष्ट विचारा: "होरीस क्रेआस?" मांसाशिवाय? "होरीस आव्गो?" अंड्याशिवाय? "होरीस प्सारी?" माशाशिवाय? उत्तर 'ने' आलं तर ते 'हो' असतं. नकार म्हणजे 'ओही', आणि तो बरेचदा न बोलता, भुवया उंचावून आणि मान किंचित मागे टाकून दिला जातो. आपल्याला ती खूण होकारासारखी वाटते. शंका वाटली तर पुन्हा विचारा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी लादेरा नाही. त्यांनी होर्ता आणि कांदा वगळून सॅलड घ्यावं ("होरीस क्रेमिदी"), सोबत ताजी फळं.

सोबत मांसाहारी मंडळी असतील तर

गोमांस वर्ज्य असेल तर 'मोस्हारी' शब्द लक्षात ठेवा. मोस्हारी म्हणजे गोमांस. मुसाका (वांगी-खिम्याचे भाजलेले थर) आणि पास्तित्सिओ (पास्ता-खिम्याचे थर) यांतला खिमा बहुधा त्याचाच, केफ्तेदेस म्हणजे खिम्याच्या गोळ्यांमध्येही तो असतो. 'हिरिनो' डुकराचं, गिरोस, म्हणजे उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस, बहुतेक ठिकाणी त्याचंच. 'आर्नी' कोकराचं, 'कोतोपुलो' चिकन.

मोठे मासे किलोवर विकतात. कल्ले कसे बघायचे हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण मासा निवडल्यावर तो समोर वजन करून एकूण किंमत किती हे शिजवायला जाण्याआधी विचारा. फक्त किलोचा भाव ऐकून 'चालेल' म्हणू नका. कार्डावर पदार्थापुढे चांदणी असली तर तो गोठवलेला आहे.

बिल

मागितल्याशिवाय येत नाही. "तो लोगारियाझमो, पाराकालो" म्हणा. पाव न मागता येतो आणि त्याचे माणशी थोडे पैसे लागतात. नको असेल तर आल्याआल्या परत द्या, पण लादेरा मागवलं असेल तर ठेवाच. शेवटी फळं किंवा रव्याचा हलवा घरचा म्हणून फुकट येतो. हा हलवा तेलातला असतो, दूध-अंडं नसतं. क्रीट बेटावर सोबत राकी या दारूची छोटी बाटली येते. पीत नसाल तर हात छातीवर ठेवून नको म्हणा, फळं मात्र घ्या. टीप पाच ते दहा टक्के, रोख, टेबलावर.