विमानात चढण्यापूर्वी प्रवासी आजारी पडल्यास

गोव्यातील दाबोळी किंवा मोपा विमानतळावर सोबतच्या वडीलधाऱ्यांना दरदरून घाम फुटला आणि हातातला बोर्डिंग पास थरथरू लागला, तर रांगेत थांबून न राहता गेटवरील कर्मचाऱ्यांना सांगून विमानतळावरील डॉक्टरांना तातडीने बोलावून घ्यावे. प्रकृती प्रवासायोग्य नसल्यास विमान कंपनी प्रवेश नाकारू शकते, आणि ते योग्यच आहे, कारण उड्डाणात उपचारांची सोय तुटपुंजी असते. मात्र, चेक-इन केलेले सामान उतरवून घेण्याची जबाबदारी कंपनीचीच असते. डॉक्टरांच्या तपासणीचा कागद वेळेच्या नोंदीसह जपून ठेवावा. तिकीट विनापरतावा असले, तरी प्रवास न झाल्यास त्यावरील वैधानिक कर आणि वापरकर्ता विकास शुल्क (विमानतळाच्या विकासासाठी तिकिटातूनच घेतली जाणारी रक्कम) कंपनीने परत करायलाच हवे. टाळाटाळ झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवावी.